देणे फिटत नाही तेव्हा

धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५८व्या कलमात एक विलक्षण तरतूद आजही आहे. दिवाणी तुरुंगातून सुटून आलेल्या ऋणकोविषयी ते कलम सांगते की, केवळ सुटका झाली म्हणून त्याचे देणे फिटले असे होत नाही. चोराने शिक्षा भोगली की त्या चोरीचा हिशेब कायद्यापुरता संपतो. ऋणकोचा संपत नाही. मग त्याला आत ठेवले ते कशासाठी? शिक्षा म्हणावी तर गुन्हा कोठे आहे? वसुली म्हणावी तर कोठडीत बसलेला माणूस एक पैसाही मिळवू शकत नाही. उलट त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता धनकोलाच आगाऊ भरावा लागतो.

पदव्युत्तर अभ्यासासाठी मी एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यातले कर्जव्यवहार निवडले आहेत. या कोड्याचे उत्तर शोधताना माझ्या ध्यानात आले की कायदा प्रत्येक काळात एकच प्रश्न विचारत आला आहे: देणे न फिटणे हा अपराध आहे की आपत्ती? उत्तर मात्र ऋणको कोण आहे हे पाहून दिले गेले. तो इतिहास थोडक्यात मांडते. त्यात माझ्या मामाचीही गोष्ट येईल, कारण ती याच इतिहासाचा भाग आहे असे मला वाटते.

पेशवाईपासून सुरुवात करू. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर धनको त्याला घरात अडकवून ठेवी, जेवू देत नसे, वेळप्रसंगी उन्हात बसवी. ऋणको वरचढ असेल तर ही जबरदस्ती चालत नसे. मग धनको त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, दारात आरडाओरड करी, देवाची शपथ घालून शाप देई, आणि शेवटी धरणे धरून उपाशी बसे. धनको उपाशी असेतो आतल्या माणसालाही जेवता येत नसे. दारात माणूस भुकेला असताना घास घशाखाली उतरवणे ही मोठी नामुष्की होती.

या वर्णनावरून जुना काळ दयाळू होता असे कोणी समजू नये. उन्हात बसवलेल्या कुणब्याला त्यात दया दिसली नसती. परंतु एक गोष्ट खरी, की या सगळ्या व्यवहारात धनको आणि ऋणको एकमेकांच्या समोर असत. धनकोला स्वतःचे पोटही पणाला लावावे लागे. धर्मशास्त्रांनी ऋणादान हा अठरा व्यवहारपदांतला पहिला विषय मानला, मुलावर बापाचे ऋण फेडण्याचे पुण्यबंधन घातले, आणि त्याच परंपरेने दामदुपटीचा नियमही दिला: एका वेळी मागायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. बंधन कडक होते, पण त्याला वरची मर्यादाही होती.

इंग्रजांना धरणे हा प्रकार अघोरी वाटला. १८६०च्या भारतीय दंड संहितेत, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा ५०८व्या कलमाने गुन्हा ठरला, आणि उदाहरण म्हणून कायदेकर्त्यांनी नेमके दारात धरणे धरणाऱ्या माणसाचेच दिले. एका वर्षापूर्वी, १८५९ साली, त्याच सरकारने दिवाणी प्रक्रियेची संहिता केली होती. तिच्याखाली हुकूमनामा मिळवलेल्या धनकोला ऋणकोची मालमत्ता जप्त करवता येई, तसेच त्याला पकडून दिवाणी तुरुंगातही टाकता येई. म्हणजे सावकाराने दारात उपाशी बसणे अघोरी, आणि शिपाई पाठवून कुळाला कोठडीत बसवणे हे मात्र सुधारलेल्या राज्याचे लक्षण!

हा तुरुंग आला कोठून, हे समजण्यासाठी इंग्लंडकडे पाहावे लागते. तेथला दिवाळखोरीचा पहिला कायदा १५४२ सालचा, आठव्या हेन्रीच्या काळातला. त्याच्या दृष्टीने दिवाळखोर म्हणजे लोकांचा माल उधार घेऊन चैन करणारा आणि मग पळून जाणारा लबाड. १६०४च्या कायद्याने खोटी शपथ घेणाऱ्या दिवाळखोराला खोड्यात उभे करून त्याचा कान खिळ्याने ठोकून कापण्याची सोय केली. आणि मग १७०५चा, राणी ॲनच्या काळातला कायदा. मला या साऱ्या इतिहासात तो सर्वांत बोलका वाटतो. एकाच कायद्यात दोन टोके आहेत. जो व्यापारी आपली सारी मालमत्ता प्रामाणिकपणे उघड करून धनकोंच्या हवाली करील, त्याचे उरलेले देणे माफ. जो दडवील, त्याला फाशी. जॉन पेरट नावाच्या कापड व्यापाऱ्याला १७६१ साली लंडनच्या स्मिथफील्डमध्ये याच कारणासाठी फासावर चढवले. फाशीची तरतूद १८२० साली रद्द झाली. माफीची मात्र टिकली आणि वाढत गेली. दिवाळखोरीच्या आधुनिक कायद्याचे मूळ त्या माफीत आहे.

परंतु ही माफी व्यापाऱ्यांपुरतीच होती. व्यापार न करणारा माणूस इंग्लंडच्या कायद्याने १८६१पर्यंत 'दिवाळखोर' होऊच शकत नव्हता; तो फक्त कर्जबाजारी होता, आणि कर्जबाजारी माणसाची जागा तुरुंगात. चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ साली मार्शलसीच्या तुरुंगात गेले, ते एका पाववाल्याच्या चाळीस पौंड दहा शिलिंगांसाठी. बारा वर्षांच्या चार्ल्सला त्या सुमारास बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबले चिकटवावी लागली. १८६९च्या कायद्याने कर्जासाठीचा तुरुंग रद्द केला असे पाठ्यपुस्तकांत असते, पण त्यालाही अपवाद होते. ऐपत असून देत नाही, असे न्यायाधीशाला वाटले तर तुरुंग कायम होता, आणि त्या अपवादातून पुढची शंभर वर्षे हजारो कामगार किरकोळ देण्यांसाठी आत जात राहिले. मोठे व्यापारी दिवाळखोरीच्या न्यायालयात जात, कामगार कोठडीत.

आता मुंबईला परतू. येथे नादार ऋणकोंना दिलासा देणारे न्यायालय कलकत्ता आणि मद्रासबरोबर १८२८च्या कायद्याने आले. त्याची व्याप्ती शहरापुरती होती. घाटावरच्या कुणब्याला त्याचा उपयोग नव्हता. हा फरक किती खोल होता, हे पुढे दिसले.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, लिव्हरपूलला होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि बॅक बे कंपनीच्या शेअरसाठी शहर वेडे झाले. युद्ध १८६५च्या वसंतात संपले. वायद्यांचा हिशेब १ जुलै १८६५ रोजी चुकता करायचा होता. त्या दिवशी कोणीच कोणाचे देणे देऊ शकत नव्हते. यावर सरकारने काय केले? धडाधड सर्वांना दिवाणी तुरुंगात टाकले नाही. त्याच वर्षी मुंबईच्या नादारांच्या मालमत्तांचा निकाल लवकर लागावा म्हणून २८ क्रमांकाचा खास कायदा संमत झाला. या उन्मादाचे सूत्रधार मानले गेलेले प्रेमचंद रायचंद बुडाले, त्यांना सढळ हाताने कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बे बुडाली, चौकशी आयोग बसला. पण प्रेमचंद समाजातून उठले नाहीत. त्यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तो १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंदांविषयी माझ्या मनात आकस नाही. बुडालेल्या माणसाला पुन्हा उभे राहता आले, हे चांगलेच झाले. मला दिसते ते एवढेच, की ही सोय व्हायला काही महिने पुरले.

घाटावर मात्र तिला वीस वर्षे लागली, आणि त्यासाठी वह्या जाळाव्या लागल्या.

१८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या, नोंदणी न केलेल्या रोख्यावरची फिर्याद तीन वर्षांत केली पाहिजे, असे त्यात होते. हेतू ऋणकोला वाचवण्याचा. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावी आणि नवा रोखा लिहून घेई. साचलेले व्याज मुद्दलात मिसळून नव्या कागदावर नवे मुद्दल म्हणून येई. कुळाने अंगठा द्यायला नकार दिला तर? तर जुन्या रोख्यावर दावा, एकतर्फी हुकूमनामा आणि तुरुंगाची भीती. मुंबईच्या पुराभिलेखागारात दख्खन दंगल आयोगाची कागदपत्रे वाचताना माझे मत असे झाले, की दिवाणी तुरुंगाचा खरा उपयोग माणसे आत टाकण्यासाठी नव्हताच. तो नवा अंगठा मिळवण्यासाठी होता. सावकार भत्ता भरून कुळाला खाऊ घालील कशाला? वॉरंट दाखवले की काम होई.

डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने गावच्या देशमुखाचे घर लिलावात घेऊन ते पाडायला काढले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे पाणी भरायचे नाही, त्यांची हजामत करायची नाही, त्यांच्या दुकानातून काही घ्यायचे नाही. जुना तगादा उलटा फिरल्यासारखा हा प्रकार होता. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्यात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. लोकांना हवे होते ते कागद: खतपत्रे, रोखे, वह्या. ते मिळाले की त्यांची होळी झाली. माणसांना इजा फारशी झाली नाही. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले.

या दंगलीचे कारण कापसाची मंदी असे एका वाक्यात सांगण्याची पद्धत आहे. सुपे काही कापसाचा मुलूख नव्हे. वाढवलेला शेतसारा, रेल्वेच्या कामांवरची मजुरी बंद होणे, घसरलेले भाव, आटलेली पत असे बरेच काही एकत्र आले होते. नील चार्ल्सवर्थ यांनी तर दंगलींचे महत्त्व फुगवले गेले असाच पक्ष मांडला. त्यांचा युक्तिवाद वाचनीय आहे, पण मला पटत नाही, कारण दंगल केवढी झाली यापेक्षा तिने सरकारला काय करायला लावले हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सरकारने १८७९ साली १७ क्रमांकाचा कायदा केला: दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याच्या २१व्या कलमाने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक किंवा कैद करणे बंद झाले. २२व्या कलमाने, स्पष्टपणे गहाण दिली नसेल तर त्याची जमीन विकता येईना. आणि न्यायाधीशावर एक आगळी जबाबदारी आली. समोर ठेवलेल्या रोख्यावर न थांबता त्याने व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जायचे: मूळ रक्कम किती दिली, व्याज किती चढवले, परत किती आले. कुळाने रोखा कबूल केला तरीही. माझ्या मते या कायद्याचा आत्मा येथे आहे. कागद म्हणतो तेवढे देणे, हे गृहीतक त्याने नाकारले. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले, ते हेच मागे जाण्याचे काम.

सावकारही स्वस्थ बसले नाहीत. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. पैसे आले की जमीन परत, ही तोंडी बोली. ती बोली पुराव्यात घेता यावी म्हणून पुढे कायदा दुरुस्त करावा लागला. याच कायद्यात शेतकऱ्याला नादार म्हणून अर्ज करण्याचीही सोय होती, पण तिचा वापर फारसा झाला नाही.

का झाला नाही, याचे उत्तर मला मामाकडून मिळाले.

माझ्या मामाचे तालुक्याच्या गावी खते-बियाण्यांचे दुकान होते. उधारीवर माल द्यायचा, सुगीला वसूल करायचा. लागोपाठ दोन हंगाम कोरडे गेले. लोकांनी पैसे दिले नाहीत, आणि मामाने मागितले नाहीत. ज्यांच्या घरात काय शिजते हे आपल्याला ठाऊक आहे त्यांच्या दारात कसे उभे राहायचे, असे तो म्हणे. त्याने मात्र दुकान चालू ठेवण्यासाठी स्वतःच्या नावावर एका वित्तसंस्थेकडून कर्ज काढले होते. हप्ते थकले. वसुलीची माणसे येऊ लागली.

ती शिवीगाळ करत नसत. सकाळी येऊन ओट्यावर बसत, चहा दिला तर घेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत आणि दिवेलागणीनंतरही हलत नसत. "आम्ही काय म्हणतोय साहेब, नुसते बसलोय," एवढेच. घरात आजी होती. बाहेर परकी माणसे बसली आहेत तोवर ती जेवत नसे. तिला कोणी सांगितले नव्हते. एल्फिन्स्टन तर तिने ऐकलाही नव्हता. मला ते दृश्य पाहून अंगावर काटा आला. दोनशे वर्षांपूर्वीचे धरणे जसेच्या तसे ओट्यावर बसले होते, फक्त धनको स्वतः उपाशी नव्हता. तो कुठल्या शहरात होता हेही आम्हाला माहीत नव्हते. वसुलीच्या माणसांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये बजावले आहे. ओट्यावर बसणाऱ्यांनी ते वाचलेले दिसले नाही.

एके दिवशी मामाने विचारले, "तू एवढे कायदे वाचतेस, आमच्यासाठी त्यात काही आहे का गं?"

आहे, असे मी म्हटले, आणि ते खरेही होते. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई सोडून इतर ठिकाणच्या माणसांसाठी १९२० सालचा प्रांतिक नादारी कायदा अजून चालू आहे. त्याखाली ऋणकोने स्वतः अर्ज करण्यासाठी देणे किमान पाचशे रुपयांचे असावे लागते. हा आकडा १९२०चा आहे. न्यायालयाने नादार ठरवले की तुरुंगापासून संरक्षण मागता येते, मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, आणि वर्तन प्रामाणिक असेल तर शेवटी मुक्तताही मिळू शकते. मी हे उत्साहाने सांगत होते. मामा ऐकत होता. मग त्याने विचारले की हे लोकांना कळते का. मी सांगितले, नादार ठरल्याची नोटीस शासकीय राजपत्रात छापतात. मुक्तता न झालेल्या नादाराला स्थानिक संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. संविधानाच्या १०२ आणि १९१व्या अनुच्छेदांनुसार त्याला खासदार-आमदारही होता येत नाही.

"मला कुठे आमदार व्हायचंय," मामा म्हणाला. "पण पेपरात 'दिवाळखोर' म्हणून नाव आलं तर तुझ्या मामेबहिणीचं लग्न कोण जुळवील?"

अर्ज झाला नाही. कान कापण्याची शिक्षा गेली, फाशी गेली, तुरुंगही बराचसा गेला. राजपत्रातली ती ओळ राहिली आणि तेवढी पुरली. दिवाळे निघालेला व्यापारी पूर्वी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून 'दिवाळे' हा शब्द आला, असे सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ते टिकेल का, हे भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे. राजपत्र हा मामासाठी तोच दिवा होता.

तुरुंगाविषयी थोडे सांगायचे राहिले. १९३६च्या दुरुस्तीने, ऋणकोची दानत खोटी आहे असे दिसल्याशिवाय त्याला कैद करू नये, अशी अट दिवाणी संहितेच्या ५१व्या कलमात आली. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाशी जोडली: केवळ गरिबीमुळे देणे न देऊ शकणाऱ्याला कोठडीत टाकता येणार नाही. हा निकाल प्रत्येकाने एकदा वाचावा. कायद्याच्या भाषेत इतका संताप क्वचित सापडतो.

आणि २०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता. कंपन्यांसाठी ती त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून लागू झाली. तिच्याखाली धनको आपल्या येण्यातला मोठा हिस्सा सोडून देतात, कंपनी नव्या हातांत जाते, कामगारांचे रोजगार वाचण्याची शक्यता राहते. हे योग्यच आहे, आणि याला कोणी अनीती म्हणत नाही, 'हेअरकट' म्हणतात. व्यक्तींसाठीचा भाग मात्र आजवर कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच, तोही डिसेंबर २०१९पासून, लागू आहे. सामान्य माणसासाठी त्याच संहितेत 'नव्या सुरुवाती'ची एक प्रक्रिया लिहिलेली आहे: वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत आणि देणे पस्तीस हजारांच्या आत असेल तर ते देणे माफ होऊ शकते. ते प्रकरण छापलेले आहे, क्रमांक दिलेला आहे, लागू झालेले नाही.

मामाला मी हे आकडेही सांगितले. पस्तीस हजार ऐकून तो हसला. एका हंगामाची त्याची बुडालेली उधारी त्याच्या कितीतरी पट होती. दुकान त्याने विकले, आजीच्या पाटल्या गेल्या, आणि आता तो दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितो. अजून एकोणीस हप्ते बाकी आहेत. माणसे ओट्यावर यायची थांबली आहेत.

दामदुपटीविषयी येथे ओझरतेच लिहिले. उच्च न्यायालयाने तो नियम कोणाला लागू केला आणि कोणाला नाही, हे पुढच्या धाग्यात.